रेडकरांची हलकी गाडी

भालचंद्र रेडकर कोणाच्याही घरी गेले की चहाआधी कप रिकामा मागून घेत. तो तळव्यावर ठेवून ते क्षणभर समोरच्या भिंतीकडे पाहत आणि वजन सांगत. सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या सरकारी वसाहतीत एकदा ते शेजाऱ्यांकडे नवजात बाळ पाहायला गेले. त्यांनी बाळही तसेच तळव्यांवर घेतले आणि दवाखान्याने सांगितलेल्या वजनावर शंका व्यक्त केली. बाळाच्या आजीने त्यांच्या हातून बाळ काढून घेतले. पुढच्या आठवड्यात रेडकरांनी दवाखान्यात जाऊन काटा तपासला. काटा बरोबर होता. ही माहिती त्यांनी आजीला दिली नाही.

ते सिल्वासात वजनमापे निरीक्षक होते. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, शिक्षण मुंबईत, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दादरा-नगरहवेलीच्या प्रशासनात आले. तेव्हा करसवलतीमुळे इथे एकामागून एक कारखाने उभे राहत होते. धुळे-जळगावकडचे कामगार येत होते, त्यांच्यामागे दुकाने येत होती आणि दुकानांमागे काटे. व्यापारी रेडकरांना ‘काट्यावाले साहेब’ म्हणत. साहेब पैसे खात नाहीत, असेही ते म्हणत; पण ते कौतुकाने नव्हे, तक्रारीच्या सुरात. पैसे खाणाऱ्या माणसाशी बोलणी करता येतात. रेडकरांसमोर फक्त तोलता येत असे.

बाजारात जयंतीशेठ नावाच्या गृहस्थांचे फरसाण आणि मिठाईचे दुकान होते. रेडकर एकदा तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले आणि त्यांनी पेढे मागितले. शेठच्या नोकराने पुठ्ठ्याचा डबा पारड्यात ठेवला आणि त्यात पेढे भरून तोलले, म्हणजे इतकी वर्षे सगळ्यांना तोलून देत होता तसेच. रेडकर म्हणाले, “शेठ, मी पेढे मागितले होते. पुठ्ठा मी खात नाही.” त्यानंतर त्यांनी ओळखपत्र दाखवले, दंड केला आणि दुकानात उभ्या असलेल्या बायाबापड्यांना निव्वळ वजन म्हणजे काय ते समजावून सांगितले. डब्यासकट तोलणे ही चोरी आहे, आणि सर्वांत नीच चोरी, कारण ती चोर आणि गिऱ्हाईक दोघांच्या डोळ्यांसमोर होते, असे त्यांचे म्हणणे होते. व्याख्यान लांबले. गिऱ्हाइके कंटाळून शेजारच्या दुकानात गेली, जिथे डब्यासकट तोलत होते. तेव्हापासून रेडकर रस्त्याने दिसले की जयंतीशेठ आतल्या नोकराला ओरडून सांगत, “डब्बो बीजी बाजू मूक!” म्हणजे रिकामा डबा दुसऱ्या पारड्यात ठेव. दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, हे वाक्य म्हटले जाई.

मोटारसायकल त्यांनी दमणमधून आणली. दमणला पोर्तुगीज असतानाच कोणीतरी मागवलेली, इंग्लंडात बनलेली, एका सिलिंडरची पाचशे सीसीची गाडी. डावीकडे साइडकार. गाडीचे नाव इथे देता येत नाही, कारण टाकीवरची पितळी पाटी ही रेडकरांनी वजन कमी करण्यासाठी काढलेली पहिली वस्तू होती, आणि त्यानंतर ते तिला फक्त ‘यंत्र’ म्हणत.

पण हे नंतरचे. गाडी आणली ती त्यांच्या पत्नीसाठी. सुमनबाई किलवणीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणी पोलिओ झाल्याने उजव्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. बसमध्ये चढणे म्हणजे त्यांना रोजची लढाई होती, स्कूटरच्या मागे बसणे अशक्य. साइडकारला छोटे दार होते, पुढे काच होती. बाई पाय लांब करून त्यात बसत, मांडीवर वह्यांची पिशवी, आणि रेडकर त्यांना टोकरखाड्याहून किलवणीला सोडून मग कचेरीत जात. संध्याकाळी परत. शाळेची मुले साइडकारला ‘बाईंची होडी’ म्हणत आणि ती लांबून दिसली की फाट्यापर्यंत धावत येत. काही वर्षे हा क्रम चालला. त्या काळात रेडकरांबद्दल वसाहतीत कोणी वाईट बोलल्याचे ऐकिवात नाही. बाईंची बढती झाली, चौथीचा वर्ग त्यांच्याकडे आला, आणि मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर बाईंचे नाव घेतले जाईल असे शाळेत उघडपणे बोलले जाई.

मग सिल्वासातल्या एका कारखान्यात काटा तपासायला गेले असता रेडकरांच्या हाती मालकाच्या टेबलावरचे एक इंग्रजी मासिक पडले. त्यात जुन्या मोटारसायकलींच्या रस्त्यावरच्या शर्यतींची छायाचित्रे होती. चामड्याचे कपडे घातलेली साठीची माणसे, आणि चाळणीसारखी भोके पाडलेली यंत्रे. जुन्या इंजिनाची ताकद वाढवणे कठीण आणि खर्चाचे असते. वजन कमी करणे कोणालाही जमते, असे त्या लेखात म्हटले होते. ज्याने अर्धे आयुष्य वजन पूर्ण भरते की नाही हे पाहण्यात घालवले, त्याला वजन कमी करणे हा सद्गुण ठरू शकतो हे प्रथमच कळले. मासिक त्यांनी वाचायला म्हणून घेतले आणि परत केले नाही.

योग असा की त्याच सुमारास वापी आणि मुंबईच्या काही हौशी कारखानदारांनी जुन्या मोटारसायकलींची शर्यत सुरू केली. अथालच्या बाजूला नवी औद्योगिक वसाहत आखली गेली होती. रस्ते झाले होते, खांब उभे होते, कारखाने यायचे होते. रुंद, काळेभोर, काटकोनात वळणारे आणि कुठेही न जाणारे ते रस्ते वर्षातून एक रविवार या मंडळींना मिळत.

रेडकरांनी ठरवले की आपले यंत्र तिथे पळेल. पण हलके झाल्यावर.

त्यांची पद्धत एका प्रश्नावर उभी होती. गाडीच्या प्रत्येक भागावर बोट ठेवून ते विचारत, “हे नसलं तर काय अडेल?” उत्तर आले नाही की तो भाग निघे. मडगार्ड गेले, चेनकव्हर गेले, स्टँड गेला, पत्र्याची हत्यारपेटी गेली, मागची सीट गेली. प्रश्न विचारायला गाडीशेजारी बहुधा कोणीच नसे, त्यामुळे उत्तर न येणे हे ओघानेच आले. पुढे ही सवय कचेरीतही लागली. दोन शिपायांपैकी एकाबद्दल त्यांनी वरिष्ठांना हाच प्रश्न लेखी विचारला. उत्तर आले की शिपाई नसला तर फार अडेल, निरीक्षकाबद्दल मात्र विचार करता येईल.

साइडकारची पाळी आली तेव्हा मात्र अंगणात माणसे होती. रविवारची सकाळ, खालच्या मजल्यावरचे आम्ही दोघेतिघे वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, आणि बाई पायरीवर भाजी निवडत होत्या. रेडकरांनी साइडकारच्या दारावर हात ठेवला आणि नेहमीच्या सुरात विचारले, “आता हे नसलं तर काय अडेल?”

बाई भाजीवरून नजर न काढता म्हणाल्या, “मी.”

रेडकर हसले. मग गंभीर झाले आणि त्यांनी समजावून सांगितले की साइडकार हे सगळ्यात मोठे एकसंध वजन आहे, तीन चाकांवर शर्यत होत नाही, आणि ही व्यवस्था तात्पुरती आहे. यंत्र एकदा पळाले की साइडकार पुन्हा जोडू. हे वचन त्यांनी साक्षीदारांसमोर दिले. बाईंनी साक्षीदारांकडे पाहिले, आणि साक्षीदारांनी वर्तमानपत्रात पाहिले. दुपारपर्यंत साइडकार निघाली आणि कचेरीच्या गोदामात, जप्त केलेल्या काट्यांच्या ढिगाशेजारी, जमा झाली.

दुसऱ्या दिवसापासून बाई कारखान्याच्या टेम्पोने जाऊ लागल्या. कामगारांच्या पाळीचा टेम्पो त्यांना फाट्यावर सोडी. तिथून शाळेपर्यंतचा रस्ता त्या चालत, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला रस्ता म्हणणे अवघड होते. शाळा भरल्यानंतर पोहोचू लागल्या. सुरुवातीला त्यांचा वर्ग शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी सांभाळला. नंतर चौथीचा वर्गच गुरुजींना देण्यात आला आणि बाईंना पहिली मिळाली, कारण पहिलीची मुले बाई येईपर्यंत खेळत राहिली तरी चालते. मुख्याध्यापकपदासाठी बाईंचे नाव कोणी घेईनासे झाले. तेव्हा यंत्र कधी पळणार हा बाईंच्या दृष्टीने हौसेचा प्रश्न उरला नव्हता.

रेडकरांच्या दृष्टीने तर घाई करण्यासारखे काहीच नव्हते. काढण्यासारखे काढून झाल्यावर त्यांनी उरलेल्यातून काढायला सुरुवात केली. या कामी त्यांना भिला पाटील भेटला. भिला शिरपूरकडचा, अथालच्या एका जुन्या कारखान्यात लेथवर होता आणि सुटीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने बाहेरची कामे करी. मालकाला ही परवानगी दिल्याचे ठाऊक नव्हते. भिलाचा स्वभाव कोणालाही नाही न म्हणण्याचा होता. रेडकर वस्तू देत, भिला भोक पाडी. “अजून एक बसतं साहेब इथं,” असे तो वर सुचवी. दोघांनी मिळून फुटरेस्टला भोके पाडली, ब्रेकच्या ताटलीला पाडली, साखळीच्या मागच्या चक्रीला पाडली, बोल्ट आतून पोकळ केले. वाऱ्यात उभे केले की यंत्रातून शीळ वाजे. पत्र्याची टाकी काढून वलसाडच्या भांडीवाल्याकडून ॲल्युमिनियमची ठोकून आणली. तिचा आकार थोडा दुधाच्या कासंडीसारखा झाला होता, पण रेडकरांना आकाराशी देणेघेणे नव्हते. प्रत्येक भाग भोक पाडण्याआधी आणि नंतर कचेरीतल्या प्रमाण काट्यावर तोलला जाई. प्रमाण काटा म्हणजे ज्याच्यावरून जिल्ह्यातले सगळे काटे खरे-खोटे ठरतात तो. त्यावर सोन्याच्या दुकानातली वजने तोलायची असत. रेडकर त्यावर नटबोल्ट तोलत.

एकदा किलवणी नाक्याच्या उतारावर, फार भोके पडलेले ब्रेकचे पेडल त्यांच्या पायाखाली मोडले. यंत्र उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत गेले आणि गाडा आडवा करून थांबले. रसवाल्याने त्यांना उठवले, पाणी दिले आणि नुकसान मागितले. लोक जमले. रेडकरांनी मोडलेले पेडल उचलून नीट पाहिले आणि जमलेल्यांना सांगितले की ब्रेक लावूनही गाडी थांबायला इतकाच वेळ लागला असता, त्यामुळे पेडलची जाडी मूळचीच अनावश्यक होती. रसवाल्याने विचारले, “आणि माझा गाडा?” रेडकर म्हणाले की गाडा उतारावर उभा करणे बेकायदा आहे, ते खाते मात्र त्यांचे नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. बाईंचा कॅलिपर त्यांनी एका सुटीत काढून घेतला, भिलाकडे नेला, आणि लोखंडाच्या पट्ट्यांच्या जागी विमानाच्या भंगारातून मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या, त्यांनाही अर्थात भोके पाडून. ते दोन दिवस बाई घरातून हलू शकल्या नाहीत आणि वसाहतीतल्या बायकांनी रेडकरांबद्दल जे म्हटले ते छापण्यासारखे नाही. पण नवा कॅलिपर उत्तम झाला. इतका हलका की बाई पहिल्या दिवशी अंगणातून तीनचार वेळा उगाचच फिरल्या. “हे मात्र बरं केलंत,” असे त्या नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या. इथेच बाईंचा घात झाला. पुढची काही वर्षे साइडकारचा विषय निघाला की रेडकर कॅलिपरकडे बोट दाखवत. बायको चालते हे आपण तिचे वाहन काढून घेतल्याचे समर्थन आहे, असे त्यांना मनापासून वाटे.

शर्यती येत होत्या आणि जात होत्या. रेडकर प्रेक्षक म्हणून हजर राहत, धावणाऱ्या गाड्यांवरचे अनावश्यक भाग मोजत आणि घरी येऊन म्हणत की आपले यंत्र अजून तयार नाही. नव्वदचे दशक उजाडले. औद्योगिक वसाहतीत कारखाने येऊ लागले, रस्त्यांवर ट्रक दिसू लागले, आणि शर्यतीचे दिवस भरत आल्याचे सगळ्यांना दिसत होते. रेडकरांना ते दिसण्याआधी बाईंना दिसले. शर्यतच बंद झाली तर यंत्र कधीच पळणार नाही, आणि यंत्र पळाले नाही तर वचनही कधीच पुरे करावे लागणार नाही. बाईंनी एका संध्याकाळी, आवाज न चढवता, सांगितले की यंदा गाडी पळाली नाही तर मी भिलाला बोलावून साइडकार स्वतः जोडून घेईन. भिला नाही म्हणणार नाही हे रेडकरांना ठाऊक होते. त्यांनी नाव नोंदवले.

त्या वर्षी नियमात एक भर पडली होती. आदल्या वर्षी कोणाच्या तरी गाडीच्या सांगाड्याची अति कापलेली पट्टी चालू शर्यतीत तुटली होती. म्हणून पाचशे सीसीच्या गटातल्या गाडीचे वजन अमुकपेक्षा कमी असता कामा नये असे ठरले. इतर स्पर्धकांनी या नियमाकडे दुर्लक्ष केले, कारण त्यांच्या गाड्या त्याहून बऱ्याच जड होत्या. रेडकर एकटे आनंदले. आता त्यांना गाठायला आकडा मिळाला होता. शेवटचे दोन महिने त्यांनी यंत्र त्या आकड्यावर आणण्यात घालवले. अमुक म्हणजे अमुक, त्यावर एक ग्रॅम नाही. “नियमापेक्षा जास्त वजन म्हणजे अज्ञान,” असे ते म्हणत. सगळे भाग सुटे तोलून, बेरीज करून, तेल आणि पेट्रोल मापाने भरून त्यांनी हा आकडा साधला. ज्या दिवशी साधला त्या दिवशी त्यांनी वसाहतीत पेढे वाटले. पेढे जयंतीशेठकडचे होते आणि डब्याशिवाय तोललेले होते.

शर्यतीच्या रविवारी रस्त्याच्या कडेला मांडव होता, फरसाणाचे दुकान होते, गर्दी होती. दुकान जयंतीशेठचे होते. बाई एका खुर्चीवर बसून होत्या. त्या सकाळी यंत्राच्या मागून भिलाच्या कारखान्याच्या टेम्पोतून आल्या होत्या. भिला यंत्राला धरून उभा होता, कारण यंत्राला स्टँड नव्हता. गाड्या तोलायला एका कारखान्याच्या गोदामातला मोठा काटा आणला होता. रेडकरांनी आधी वाकून काट्यावरची छाप पाहिली. ती त्यांनीच मारलेली होती. समाधानाने त्यांनी यंत्र पुढे केले.

तपासणीला वापीचे एक कारखानदार होते, मवाळ बोलणारे. त्यांनी टाकीचे झाकण उघडून आत पाहिले आणि पेट्रोल काढायला सांगितले. नियम रिकाम्या टाकीचा होता, आणि तो तसाच लिहिलेला होता. यंत्र रिकामे झाले, काट्यावर चढले, आणि जेवढे पेट्रोल काढले तेवढ्याने कमी भरले.

रेडकर काट्याकडे पाहत राहिले. टाकीत पेट्रोल नसेल तर गाडी पळेल कशी, असे त्यांनी विचारले. कारखानदार म्हणाले, ते खरे, पण वजन गाडीचे करायचे आहे. सिल्वासाच्या बाजारातले निम्मे व्यापारी तिथे होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी रेडकरांकडून निव्वळ वजनाचे व्याख्यान कधी ना कधी ऐकलेले होते. दुकानामागून जयंतीशेठ सावकाश पुढे आले.

“साहेब,” ते म्हणाले, “तुम्ही बी डब्बासकट तोलला ने?”

हसणे बराच वेळ चालले. कारखानदारही हसले, आणि बहुधा त्या हसण्याची भरपाई म्हणून त्यांनी तोडगा सुचवला. कमी भरलेले वजन गाडीला बांधा, घट्ट, आणि पळवा, हरकत नाही. फक्त ते किती आहे हे कळायला हवे. भिला दगड शोधायला निघाला होता, त्याला थांबवण्यात आले. जयंतीशेठनी मोठ्या मनाने आपल्या दुकानातली दोन लोखंडी वजने आणून दिली. बरोबर तेवढीच लागत होती. शेठनी ती काट्यावर यंत्राच्या शेजारी ठेवली, काटा जिथे यायला हवा तिथे आला, आणि कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. भिलाने तार काढली. पलीकडे बाकीच्या गाड्या ओळीत लागत होत्या.

रेडकरांनी वजने उचलली आणि पालथी केली. लोखंडी वजनाच्या तळाशी शिशाचा ठिपका असतो, त्यावर तपासणीच्या वर्षाची छाप असते.

“शेठ, यांची मुदत संपलीय.”

“साहेब, आज रविवार छे.”

“वजनाला रविवार नसतो.”

कारखानदारांनी समजावले की ही वजने काही विकायला वापरायची नाहीत, गाडीला बांधायची आहेत. रेडकर म्हणाले की ती काट्यावर ठेवली गेली, आणि काट्यावर ठेवले की ते वजन होते. शिवाय शेठ सकाळपासून त्याच वजनांनी फरसाणातल्या गाठ्या तोलत होते. भिला तार हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, “बांधू द्या ना साहेब. जप्ती काय, उद्या बी करता येते.” रेडकरांनी त्याला शासकीय कामात अडथळा आणू नकोस असे सांगितले आणि खांद्याच्या पिशवीतून कापड, दोरा, लाख आणि मेणबत्ती काढली. ती पिशवी त्यांनी शर्यतीलाही आणली होती.

तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या. त्या पुढे येईपर्यंत लोकांनी वाट करून दिली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ती वजनं बांधा आणि एकदा पळवा गाडी. शेवटून या. चालेल.”

“सुमन, छापाची मुदत संपलीय.”

“ऐकलं मी.”

“मग?”

रेडकर खाली बसले आणि त्यांनी वजने कापडात गुंडाळली. बाईंनी थोडा वेळ त्यांच्या हाताच्या हालचाली पाहिल्या. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे यंदाही नाही.”

“पुढच्या वर्षी नक्की,” रेडकर मान वर न करता म्हणाले. “पेट्रोल सोडून किती करायची ते आता कळलंय.”

बाईंनी जयंतीशेठना विचारले की त्यांचा टेम्पो सिल्वासाला कधी परत जाणार. शेठ म्हणाले की वजनेच गेली तर धंदा कशावर करू, आत्ताच चला. शेठच्या नोकराने स्टूल ठेवले, बाई पुढच्या सीटवर बसल्या, आणि गाठ्यांचे पिंप मागे चढवून टेम्पो गेला. निशाण पडले तेव्हा रेडकर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून जप्तीच्या गाठीवर लाख ओतत होते. गाड्या शेजारून सुटल्या की वाऱ्याने मेणबत्ती विझे. ते तिला ओंजळीचा आडोसा करून पुन्हा पेटवत. शर्यत संपेपर्यंत मोहोर उमटली. नोकरी सांभाळून मी एका वर्तमानपत्राला बातम्या देत असे; दुसऱ्या दिवशी दिलेल्या बातमीत विजेत्याचे नाव होते. रेडकरांचे नव्हते, कारण न धावलेल्यांची नावे बातमीत देत नाहीत.

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कारखाने उभे राहिले.

बाईंनी साइडकारची वाट पाहिली नाही आणि भिलाला साइडकारसाठी बोलावलेही नाही. महिन्याभरात त्यांनी एक साधी मोपेड घेतली आणि भिलाकडून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी आधाराची चाके बसवून घेतली. शाळेच्या मैदानावर त्या ती चालवायला शिकल्या. पहिलीची मुले मागून धावत आणि बाई ओरडत नसत. मोपेड घरी आली त्या दिवशी रेडकरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आधाराच्या चाकांच्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या. पट्ट्या जाड होत्या. बाई पायरीवरून म्हणाल्या, “हात लावायचा नाही.” हा हुकूम वसाहतीत तीन मजल्यांवर ऐकू गेला. रेडकरांनी हात मागे घेतला आणि थोडे घुटमळून मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आपण होऊन साइडकार जोडून देण्याची तयारी दाखवली.

“आता काय अडलंय?” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या पुन्हा शाळा भरण्याआधी पोहोचू लागल्या. चौथीचा वर्ग परत मिळाला. मुख्याध्यापकपद मात्र तोवर शेजारच्या गुरुजींना गेले होते. ते बाईंना त्यांच्या नोकरीच्या अगदी अखेरीस मिळाले.

यंत्र मुंबईच्या एका संग्राहकाने नेले. ते पाहून तो मूळ मडगार्ड, मूळ टाकी, पितळी पाटी, हत्यारपेटी अशी एकेक वस्तू मागू लागला, आणि रेडकर ती कुठे भंगारात गेली ते सांगू लागले. पुढे कळले की त्याने विलायतेहून सगळे भाग मागवून गाडी पूर्वीइतकी जड करून घेतली आणि तिला प्रदर्शनात बक्षीस मिळाले. रेडकरांनी ही बातमी ऐकली तेव्हा संग्राहकाच्या बुद्धीबद्दल एक शब्द वापरला, जो त्यांनी त्याआधी फक्त व्यापाऱ्यांसाठी वापरला होता.

निवृत्तीनंतर ते सिल्वासातच राहिले. बाईंची नोकरी बाकी होती. घरात वाहन एकच होते, आणि त्याची किल्ली बाईंच्या पदराला असे. किलवणीचा भाजीबाजार स्वस्त म्हणून रेडकर आठवड्यातून एकदा बाईंच्या मागे बसून तिकडे जात, दुपारभर शाळेच्या ओट्यावर थांबत आणि संध्याकाळी त्यांच्याच मागे बसून परत येत. मागे बसल्यावर ते वळणे, खड्डे आणि गिअर यांबद्दल सूचना देत. मोपेडला गिअर नव्हता.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याच रस्त्यावर, नव्वदचे दशक संपत आले असताना. किलवणीहून येताना एक लांब चढ लागतो. दोन माणसांना घेऊन मोपेड तो चढत नाही. पायथ्याशी बाईंनी वेग कमी केला आणि मागे न पाहता एकच शब्द सांगितला, “उतरा.” रेडकर उतरले. भाजीची पिशवी त्यांनी मोपेडच्या हुकला अडकवायला पुढे केली. बाईंनी मान हलवली, आणि त्यांनी ती खांद्याला लावली. मोपेड एकदम हलकी झाली आणि सुरळीत चढू लागली. रेडकर मागून चालत राहिले, मान खाली घालून, एका लयीत, सवय झालेल्या माणसासारखे. चढाच्या माथ्यावर चिंचेचे मोठे झाड आहे, त्याच्या सावलीत गाड्या थांबवायला ऐसपैस जागा आहे. बाई तिथे थांबल्या नाहीत.